दस्तगीरचाचांचा मुका कॉम्प्युटर

"पण रेडिओ बंद पडला, तर त्यात घरातल्या बाईला काय विचारायचं असतंय, चाचा?"

मलगोंडा पाटलाने हा प्रश्न पंधरा वर्षं पोटात ठेवला होता. आज तो ओठांवर आला.

दस्तगीरचाचा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि दुसरी हातात घेतली.



चाचा म्हणजे कुरुंदवाडातले जुने रेडिओ मेकॅनिक. आता शहात्तर वर्षांचे. दुकान बंद करूनही दहा वर्षं झाली होती, पण त्यांच्या दुकानाची रीत लोक अजून सांगत.

माणूस बंद पडलेला सेट काखोटीला मारून यायचा. चाचा सेटला हात लावत नसत. ते विचारत, "घरात हे ऐकतंय कोण?"

"आमची मंडळी ऐकत्यात."

"मग त्यांस्नी घेऊन या."

काही जण चिडून सेट परत उचलत. पण बरेचसे मुकाट्याने घरी जात आणि बायकोला घेऊन येत. ती पायरीवर उभी राहून सांगायची, सेट कधी खरखरला, कधी गप्प झाला, त्या दिवशी घरात काय चाललं होतं. चाचा सगळं ऐकून घेत आणि मगच स्क्रूड्रायव्हर उचलत.

मलगोंडा त्या दुकानात दोन वर्षं शिकला होता. ही रीत त्याला तेव्हाही फाजील वाटायची. दुरुस्ती मेकॅनिक करणार, मग बायकांची साक्ष कशाला?

आता त्याची स्वतःची कॉम्प्युटरची दोन दुकानं होती आणि तिसरं रविवारी उघडणार होतं. त्याचंच निमंत्रण द्यायला तो पेढे घेऊन आला होता. मलगोंडा हुशार होता, यात वाद नाही. अडचण एवढीच होती की हे त्यालाही ठाऊक होतं.

"सांगा की चाचा. दोन वर्षं तुमच्यापाशी काढली, पण एवढं एक काय मला कळलं न्हाई."

"तुला अजून ते विचारायचं हाय?"

"व्हय."

"मग बस."

तो बसणार तेवढ्यात आतून हमीदाचाची आल्या. अंगावर नवी कोरी हिरवी साडी, आणि चेहरा मात्र कावराबावरा.

"मलू, अल्लानंच धाडलं बघ तुला. आमचा कॉम्प्युटर मुका झालाय. अकराला पोरीचा फोन हाय!"

घड्याळात सव्वादहा झाले होते.

या फोनची गोष्ट आधी सांगायला हवी. चाचांची लेक रुकसाना मस्कतला असते. तिची मुलगी इनाया पावणेचार वर्षांची होती, आणि ती बोलत नव्हती. कान चांगले होते, हसायची, सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टर झाले, नवस झाले, दर्गा झाला. शेवटी तिकडच्या एका बाईंनी तिला समोर बसवून रोज शिकवायला घेतलं.

आणि गेल्या आठवड्यात इनाया एक शब्द बोलली.

कोणता, ते रुकसानाने सांगितलं नाही. म्हणाली, "अम्मी, ते तुम्ही तिच्याच तोंडनं ऐका. शुक्रवारी अकराला."

साध्या फोनवर इनाया तोंड उघडत नसे, तिला समोर चेहरे दिसायला लागत. जावई राहायचा त्या वसाहतीत मोबाइलवरचे व्हिडिओ कॉल लागत नसत, म्हणून त्याने चाचांच्या कॉम्प्युटरवर वेगळी सोय करून दिली होती. म्हणजे सगळी भिस्त त्या एका यंत्रावर होती, आणि चित्र दिसत असूनही त्यातून सकाळपासून आवाज येत नव्हता.

"एवढंच ना?" मलगोंडा हसला. "पाच मिनिटं."

त्याने बाह्या सरसावल्या.

"अरे मलू, काल सांजच्याला मी…" चाची सांगू लागल्या.

"थांबा चाची. बघतो मी."

चाचा शेंगांची परडी घेऊन आतल्या खोलीत आले आणि पलंगावर टेकले.

मलगोंडाने पडद्यावरचं आवाजाचं चिन्ह पाहिलं. ते बंद नव्हतं. आवाज पुरा शंभरावर होता. टेबलावरच्या दोन जुन्या स्पीकरचा लाल दिवा लागलेला होता. त्याने मागची हिरवी पिन काढली, फुंकर मारली, परत खोचली. मग तपासणीचा टुंग असा आवाज वाजवला.

पडद्यावर हिरवी पट्टी वरखाली नाचली, पण स्पीकर गप्प राहिले.

"पट्टी हलायलीय की," चाचा म्हणाले.

"हलू दे. आवाज निघालाय, पण भाईर येईना. म्हंजे पुढं कायतरी जळलंय."

"निघालेला आवाज जाणार कुठं?"

"चाचा, हा रेडिओ न्हवं."

चाचांनी शेंग फोडली.

पलीकडे माळ्यांच्या घरी लग्न होतं. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत. तिकडे बायका हळद दळायला जमल्या होत्या. जातं घरघरत होतं, आणि पंधरावीस गळे एकाच वेळी गात होते.

"ह्या गोंधळात डोकं चालंना झालंय," असं म्हणत मलगोंडाने उठून खिडकी लावून घेतली.

मग त्याने आवाजाचं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि नवं घातलं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. टुंग वाजवून पाहिलं. पट्टी नाचली, स्पीकर गप्प. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. दर वेळी तो टुंग वाजवी, वाकून स्पीकरला कान लावी आणि मान हलवी.

चाची चहा घेऊन आल्या. "मलू, मी काय म्हणत्ये, तो गोल…"

"चहा ठेवा चाची. दहा मिनिटं द्या."

"पण बाबा, सकाळच्याला मी तो…"

"चाची! ह्यातलं तुम्हाला कळायचं न्हाई."

चाचींनी चहा ठेवला आणि त्या दारात उभ्या राहिल्या.

हे सगळं मला मलगोंडानेच पुढे सांगितलं. या वाक्यापाशी आला, की तो अजूनही स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतो.

साडेदहा झाले. त्याने कॅबिनेट आडवं केलं, स्क्रू काढले, एका बाजूचा पत्रा काढला. आत धुळीचा थर होता. तो पुसला, दोन वायरी काढून लावल्या, पुन्हा कॉम्प्युटर चालू केला. पट्टी पुन्हा नाचली.

"नाच तिच्या मायला," तो पुटपुटला.

चाचांना हसू आलं, पण त्यांनी ते शेंगदाण्याबरोबर गिळलं.

"चाचा, मागल्या आठवड्यात ती वीज कडाडली बघा… माझ्याकडं चार कॉम्प्युटर असेच आलेत. चारींचं साउंड कार्ड गेलेलं. हेचं पण तेच हाय."

"ते कार्ड काढून बघितलंस?"

"बघायला लागत न्हाई. अनुभव हाय माझा."

"बरं."

"हे इचलकरंजीला दुकानात न्यायला लागंल. उद्या दुपारपर्यंत देतो करून."

अकराला दहा कमी होते.

चाची मटकन खाली बसल्या. नव्या साडीचा पदर त्यांनी डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात चुरगाळत राहिल्या.

"उद्या?" त्या म्हणाल्या. "उद्या ती बोलंल का रं, मलू? तीन महिनं शिकवलं तिला त्या बाईनं. आज रुकसानानं तिला सकाळपासनं नटवून बसवलंय. आम्ही नुसतं तोंड बघत बसलो, ती बोलली, आनि आम्हाला ऐकूच आलं न्हाई, तर त्या लेकराला काय वाटंल?"

मलगोंडाला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. लहानपणी याच चाचींनी त्याला शेवयाची खीर घातली होती. दोन दुकानांचा मालक हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन नुसता उभा राहिला.

चाचांनी परडी बाजूला ठेवली. हातावरची टरफलं झाडली. उठले.

त्यांनी मलगोंडाच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि तो हमीदाचाचींच्या हातात दिला.

"मी काय करू ह्याचं?" चाची गोंधळल्या.

"धर नुसता. आनि सांग."

"काय सांगू?"

"मघापासनं जे सांगायलीयस ते."

चाचींनी आधी मलगोंडाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मग त्या स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांत धरून सांगू लागल्या.

"काल सांजच्याला झकास आवाज येत हुता. जावयानं दिलेला तो गोल डबा न्हाई का, बिनवायरचा? त्येच्यात मी कव्वाली ऐकली. मग सकाळच्याला शेजारची माळ्यांची सुभद्रा आली. म्हणाली, चाची, हळद दळायला बाया जमणार, दळण झाल्यावर गाणी लावायला तुमचा डबा द्या. म्हटलं, ने की. पोरीचं लगीन हाय, नको कसं म्हणू? तवापासनं हेचा आवाज गेलाय."

"डब्याचा काय संबंध? डबा गेला तर हे टेबलावरचे…"

मलगोंडा इथे थांबला.

त्याचे कान आधी लाल झाले, मग गाल.

"चाची… तो डबा सुभद्रावहिनींनी ठेवलाय कुठं?"

"मधल्या भिंतीच्या कोनाड्यात. मीच जागा दावली."

चाचा म्हणाले, "आता खिडकी उघड. आनि गप्प ऱ्हा."

मलगोंडाने खिडकी उघडली. पलीकडे दळण संपत आलं असावं, जात्याची घरघर थांबली होती. बायका चहाला बसल्या होत्या. कपबशांचा बारीक आवाज येत होता.

त्याने तपासणीचं बटण दाबलं.

टुंग…

आवाज भिंतीपलीकडून आला, स्वच्छ आणि खणखणीत. त्यापाठोपाठ एक बाई ओरडली, "अगं बया, परत वाजलं बघा ते!"

तिघेही एकमेकांकडे बघत राहिले. मग चाचींना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या, की स्क्रूड्रायव्हर हातातून पडला. चाचांचं पोट हलू लागलं. मलगोंडा जमिनीवर फतकल मारून बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. अर्धा तास तो वाजवत होता तो प्रत्येक टुंग माळ्यांच्या घरी हळदीच्या बायकांनी ऐकला होता.

"चाचा, तुम्हाला ठावं हुतं?"

"मला न्हाई. हिला ठावं असणार, एवढं ठावं हुतं."

"मग आधी का बोलला न्हाईसा?"

"तू म्हणालास, पाच मिनिटं."

मलगोंडा उठला. "कॉम्प्युटर अजून त्या डब्यालाच आवाज धाडायलाय. आता एक टिचकी मारली, की आवाज ह्या स्पीकरला येतोय. चाची, बसा समोर. पदर नीट घ्या."

त्याचा हात माउसकडे गेला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

वाजला तो तिकडे. भिंतीपलीकडे मोठ्याने घंटी घणघणू लागली आणि बायकांची एकच गडबड उडाली. इकडे पडद्यावर नुसतं रुकसानाचं नाव चमकत होतं. अकराला अजून चार मिनिटं होती, पण लेकीला धीर धरवला नव्हता.

चाचांनी पुढे होऊन स्वतःच हिरवं बटण दाबलं.

पडद्यावर इनाया आली. केसांत दोन बो लावलेली, गुबगुबीत, डोळे मोठे केलेली. तिच्या मागे रुकसाना ओठ हलवून काहीतरी सांगत होती. तिचा आवाज माळ्यांच्या कोनाड्यातून येत होता.

"अम्मी… अब्बा… ऐकू येतंय का?"

"ऐकू येतंय गं पोरी!" पलीकडून सुभद्रावहिनी बेंबीच्या देठापासून ओरडली. "तू हाईस कुठं? ह्या डब्यात?"

मग काय झालं, ते चाचींनाही नीट सांगता येत नाही. त्या उठल्या आणि धावल्या. चपला न घालता, मागच्या दाराने, परसातून, गुडघेदुखी विसरून माळ्यांच्या घरात.

मलगोंडाने माउस धरला.

चाचांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"चाचा, एक टिचकी…"

"थांब."

"अवो, ती बोलंल आता! तुम्हाला ऐकू यायचं न्हाई!"

"थांब म्हटलं न्हवं? तुझी चाची तिकडं गेलीय."

पडद्यावर इनायाने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मग इनायाने कॅमेऱ्याकडे पाहिलं, म्हणजे चाचांकडे. तिचे ओठ उघडले… मिटले… पुन्हा उघडले.

पलीकडे सगळं शांत झालं. एवढ्या बायका, पण एकीच्या बांगडीचाही आवाज नव्हता.

इनायाचे ओठ हलले.

आणि भिंतीपलीकडून असा काही जल्लोष उसळला, की इकडे कॅबिनेटचा काढलेला पत्रा थरथरला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी ताट बडवलं. चाचींचा हुंदका त्यातही वेगळा ओळखू आला. कॉम्प्युटरच्या मायक्रोफोनने तो सगळा गोंगाट उचलला आणि मस्कतला पोचवला. इनाया दचकली, मग खदखदून हसायला लागली. हसता हसता ती पुन्हा तेच बोलली. मग पुन्हा, आणि पुन्हा. दर वेळी भिंतीपलीकडून तसाच जल्लोष होत राहिला. इतके दिवस जे बोलायचं राहिलं होतं, ते ती एका शब्दात वसूल करत होती.

चाचा फक्त तिचे ओठ बघत होते.

मागच्या दारातून सुभद्रावहिनी धापा टाकत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे, कपाळावर आलेले केस पिवळे, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"चाचा! चाचा, पोरगी 'नाना' म्हणाली वो! आजोबाला हाक मारली!"

"काय म्हणाली?"

"नाना! अगदी चक्क! आम्ही समद्यांनी ऐकलं. चाचींनी तर तो डबाच कवटाळलाय छातीशी."

"परत म्हण."

"नाना."

"ती कशी म्हणाली, तसं म्हण."

सुभद्रावहिनीने पदराने नाक पुसलं. मग पडद्यावरच्या पोरीकडे बघत, ओठ तिच्यासारखेच गोल करून, हळूच म्हणाली, "ना… ना…"

"जी, बेटा," चाचा म्हणाले. त्यांनी पडद्यावर, त्या गुबगुबीत गालावर, बोट टेकवलं. "जी, माझी राणी. बोल."

इनाया तिकडे बोलतच होती, आणि पलीकडे तिला उत्तरं मिळत होती.

मलगोंडाचे डोळे भरले होते. तो आनंदात होता, पण त्याच्या मनात एक गोष्ट खुपत राहिली. शेवटी त्याला राहवलं नाही.

"चाचा, तो शब्द तुमचा हुता. पावणेचार वर्षं तुम्ही वाट बघितलीसा. माझ्या एका टिचकीनं तो हितं आला असता, तुमच्या कानात… तुम्ही हात धरलासा, आनि तो गेला शेजारी."

चाचांनी परडीतून मूठभर शेंगा घेतल्या. अर्ध्या त्याच्या हातात दिल्या. अर्ध्या सुभद्रावहिनीच्या पिवळ्या हातात दिल्या.

"शेजारी म्हंजे कुठं, रं?"